चेहरा झाकावा का, याच्या आधी: बोलायचे कोणाशी?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही कोल्हापुरातल्या सहा महाविद्यालयीन मैत्रिणी आहात. मॉस्कोतल्या पुसी रायट या स्त्रीवादी पंक गटाची सादरीकरणे पाहून तुम्हाला वाटले की विधवा प्रथांविरुद्ध आपणही असेच काही करावे: रंगीत लोकरी टोप्यांनी चेहरे झाकून, कर्कश वाद्ये घेऊन, बिंदू चौकात किंवा थेट अंबाबाईच्या देवळाच्या आवारात दोन मिनिटांचे गाणे म्हणावे आणि निघून जावे. त्यावर तुमचे तीन प्रश्न आहेत. चेहरा झाकावा का, देऊळ निवडावे का, आणि लोक याला परदेशी नक्कल म्हणून झटकून टाकतील का.

मी या जिल्ह्यात गेली सव्वीस वर्षे पथनाट्य करते आहे, त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे फक्त बायकांच्या संचाबरोबर. त्या अनुभवावरून सांगते की हे तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत. तुम्ही न विचारलेला पहिला प्रश्न असा की तुमचे शब्द नेमके कोणाच्या कानावर पडायला हवेत. तो एकदा सुटला की जागा ठरते, जागा ठरली की वाद्य आणि पोशाख ठरतो, आणि नकलेचा आक्षेपही बराचसा आपोआप गळून पडतो. तो न सोडवता तुम्ही मुखवट्यांचे रंग निवडायला बसलात, तर चौकात गर्दी होईल, मोबाइल वर होतील, आणि ज्या घरात बांगड्या फुटतात त्या घरापर्यंत काहीही पोहोचणार नाही.

मॉस्कोतील घटना याच नजरेने पुन्हा पाहा. व्लादिमिर पुतिन पुन्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार हे सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर झाले, आणि त्याच सुमारास हा गट उभा राहिला. २० जानेवारी २०१२ रोजी त्यातल्या आठ जणी लाल चौकातल्या लोब्नोये मेस्तो या दगडी चौथऱ्यावर चढून गायल्या. याच चौथऱ्यावरून पूर्वी झारचे हुकूम वाचून दाखवले जात. त्यानंतर महिन्याभराने, २१ फेब्रुवारीला, त्या ख्रिस्त तारणहार कॅथेड्रलमध्ये शिरल्या. हे कॅथेड्रल स्टालिनच्या काळात, १९३१ मध्ये, सुरुंग लावून पाडले गेले होते, त्या जागी पुढे पोहण्याचा तलाव झाला होता, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते पुन्हा बांधण्यात आले. चर्च आणि सत्ता यांचा नवा सलोखा डोळ्यांना दिसावा अशी ती वास्तू आहे. त्याच फेब्रुवारीत रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांनी पुतिन यांच्या काळात देश सावरला याला देवाचा चमत्कार म्हटले होते. म्हणजे ज्यांना ऐकवायचे त्यांचेच ते घर होते. आत त्यांना एक मिनिटही मिळाले नाही, सुरक्षारक्षकांनी बाहेर काढले, पण जागा इतकी अचूक होती की तेवढे पुरले.

दुसरी गोष्ट रूपाची, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्यांचे गाणे ही शिवीगाळ नव्हती, ती प्रार्थना होती. देवमातेला, म्हणजे मेरीला, त्यांनी साकडे घातले होते की या माणसाला घालवून दे. कडवी पंक पद्धतीची, ओरडून म्हटलेली, आणि ध्रुपदाला रशियन संगीतकार रखमानिनोव्हच्या चर्चसंगीताची चाल. चर्चमध्ये रोज जे केले जाते तेच त्यांनी केले, फक्त मागणे वेगळे होते. तुम्हाला हे परके वाटते का? एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरा, सासू, जाऊ, नणंद अशी एकेकाची सोय लावायला सांगते. त्याचा आध्यात्मिक अर्थ निराळा आहे आणि तो महत्त्वाचा आहे, पण जत्रेत ते ऐकणाऱ्या बायका कोणत्या ओळीला हसतात हे मी अनेकदा पाहिले आहे. देवीसमोर उभे राहून घरातल्या सत्तेविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याची रीत आपल्याकडे शतकांपूर्वीची आहे.

आता तुमच्या विषयाकडे. विधवा प्रथेचा निर्णय अंबाबाईच्या गाभाऱ्यात होत नाही. २०१६ मध्ये गाभारा प्रवेशाचे आंदोलन झाले तेव्हा ते देवळात होणे बरोबर होते, कारण तिथला प्रश्न त्या उंबऱ्याचाच होता. तुमचा उंबरा दुसरा आहे. नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे सगळे अंगणात किंवा स्मशानाच्या वाटेवर, भावकीच्या साक्षीने उरकले जाते. हात बहुतेक वेळा दुसऱ्या विधवांचेच असतात, पण "चला, आवरा लवकर" हा शब्द भावकीतल्या एखाद्या थोराचा असतो. पुढे प्रत्येक संक्रांतीला, हळदीकुंकवाचे ताट तिला वगळून पुढे सरकते, आणि ते वगळणे कोणी मोठ्याने बोलूनही दाखवत नाही. म्हणून देऊळ निवडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे तुम्ही गायलात तर दुसऱ्या दिवशीची सगळी चर्चा देवीच्या अपमानाची होईल आणि विधवा बाई त्या चर्चेत कुठेच नसेल.

आपल्या जिल्ह्याला या विषयात एक आधार आहे, तो वापरा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ज्या संस्थानात १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा झाला, तिथे या ठरावाला शंभरहून अधिक वर्षे लागली, हे दुखते. तरीही तो झाला. तुमचे सादरीकरण जिथे असा ठराव झाला आहे त्या गावात असेल तर बोलणे एक होते, जिथे नाही तिथे दुसरे. पहिल्या ठिकाणी तुम्ही विचारू शकता की तुम्हीच केलेल्या ठरावाचे काय झाले. दुसऱ्या ठिकाणी एवढे थेट विचारायला आधी बरीच ये-जा लागते.

माझी एक चूक सांगते. हेरवाडच्या ठरावाच्या कितीतरी आधी, करवीर तालुक्यातल्या एका गावात, आम्ही याच विषयावरचा खेळ केला होता. त्यात एका मुलीच्या बांगड्या आम्ही खरोखर दगडावर फोडत असू. हिरव्या काचेचे तुकडे मातीत उडायचे, पुढे बसलेल्या बायका तोंड फिरवायच्या, पदर डोळ्यांना लागायचा, आणि आम्हाला वाटायचे की खेळ चांगलाच भिडला. त्या गावात खेळ संपल्यावर मी वाकून काचा वेचत होते तेव्हा एक वयस्कर बाई माझ्यासमोर येऊन बसली. तिचे मनगट मोकळे होते. तीही काचा वेचू लागली आणि म्हणाली, "बाई, आमच्यावर झालं ते आमालाच परत कशाला दावतासा? करणारी तिकडं पारावर बसल्यात, त्यास्नी दावा." मी पाराकडे पाहिले. गावातले सगळे कर्ते पुरुष तिथे पाठमोरे गप्पा मारत होते, आणि आम्ही तासभर त्यांच्याकडे पाठ करूनच खेळ केला होता.

त्यानंतर आम्ही बांगड्या फोडणे बंद केले. नव्या खेळात हळदीकुंकवाचे ताट फिरते, आणि त्याच्या मागे हलगी वाजते. ताट विधवेचे काम करणाऱ्या मुलीसमोर आले की हलगी थांबते. मग ताट धरलेली मुलगी पाराकडे वळते आणि एवढेच विचारते, "आता कोणाची परवानगी घ्यायची?" त्यानंतर आम्ही काहीच बोलत नाही. अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. पहिल्याच प्रयोगात एक गृहस्थ उठले, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले, आणि त्यांची पाठ वळताच आमच्या हलगीवालीने हलगीवर एक टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, हाणले. लोक हसले. रात्री मी तिला समजावले की असे पुन्हा करू नये, कारण त्या हसण्याने सगळेच सुटले, जाणाराही आणि बसून राहिलेलेही. नंतरच्या एका गावात एक जण म्हणाला, "थांबा, विचार करून सांगतो." सव्वीस वर्षांत प्रेक्षकांतून मिळालेल्या उत्तरांपैकी हे मला सर्वांत खरे वाटलेले उत्तर आहे. दोन मिनिटांच्या गाण्यात तुम्हाला जे साधायचे आहे ते हेच आहे, आणि म्हणून माझा आग्रह राहील की तुमच्या गाण्यात एक न गायलेली जागा असावी.

यात एक पथ्य मात्र कधीही मोडू नका. प्रेक्षकांतल्या खऱ्या विधवा बाईला हाताला धरून मध्ये आणू नये आणि तिच्या कपाळाला कुंकू लावू नये. तिला विचारल्याशिवाय कुंकू पुसणे आणि तिला विचारल्याशिवाय लावणे यांत तिच्या दृष्टीने फार फरक नसतो. तुम्ही संध्याकाळच्या एसटीने निघून जाता, तिला रात्री त्याच घरात भाकरी थापायची असते. आधी बचत गटाच्या बायकांना, आशाताईंना भेटा. कोणी आपणहून पुढे आली तर तिचे स्वागत आहे, पण तशी अपेक्षा ठेवून खेळ रचू नका.

कर्कश वाद्यांचे म्हणाल, तर पंक संगीताचे मूळ सांगणे इतकेच आहे की चांगले वाजवता येईपर्यंत थांबू नका, दोन-तीन सूर हाती आले की उभे राहा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑलिम्पिया या शहरातून जी रायट ग्र्रल ही स्त्रीवादी पंक चळवळ निघाली, तिच्यातल्या मुलींनी हेच केले, आणि बिकिनी किल या गटाच्या कार्यक्रमांत मुलींना मुद्दाम पुढे बोलावले जाई, पुरुषांना मागे सरकायला सांगितले जाई. हा शेवटचा भाग मी आमच्या खेळात कित्येक वर्षे वापरते आहे. गावात पुरुष रिंगणाला खेटून उभे राहतात आणि बायका दारांआडून पाहतात, म्हणून आम्ही सुरुवातीलाच रांगोळीने मोठे वर्तुळ काढतो आणि बायका आत येऊन बसल्याशिवाय हलगीला हात लावत नाही.

इलेक्ट्रिक गिटार आणू नका असे मी म्हणणार नाही, पण तिला वीज लागते, आवाज मोठा करणारी पेटी लागते, आणि चौकात ती पाहायला येणारे गिटारच पाहतात. कोल्हापुरात छातीत घुसणारा आवाज हलगी-घुमक्याचा आहे. पाचटाचा किंवा रद्दीचा जाळ करून हलगी आडवी धरून शेकली की कातडे ताणते, आणि मघाशी ढप वाजणारी तीच हलगी कडाडू लागते. आमच्याकडच्या मुली हा जाळ प्रेक्षकांसमोरच करतात. त्या पाच मिनिटांत कोणी काही बोलत नाही, पण सगळे पाहत राहतात, कारण मुलगी हलगी शेकते हेच बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते. एक गोष्ट मात्र विसरू नका. हलगी हे मातंग समाजाने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले वाद्य आहे, आणि ती वाजवणाऱ्यांना जेवणाच्या पंगतीबाहेर बसवण्याचा इतिहासही त्या वाद्याबरोबर येतो. शिकायचे तर त्या वादकांकडे रीतसर शिका, मानधन द्या, आणि सादरीकरणात गुरूचे नाव घ्या. बायकांवरच्या अन्यायाबद्दल बोलताना दुसऱ्या अन्यायावर पाय देऊन उभे राहता येत नाही.

आता चेहऱ्याचे. मॉस्कोतल्या रंगीत टोप्यांचे दोन उपयोग होते: ओळख लपणे, आणि टोपीखाली कोणतीही बाई असू शकते हे दिसणे. पहिला उपयोग टिकला नाही. फेब्रुवारीच्या सादरीकरणानंतर मार्चमध्येच तिघींना अटक झाली होती. कोल्हापुरात तर तुमच्या चालण्यावरून, गाडीच्या नंबरावरून, कोणाची तरी मावशी तुम्हाला ओळखेल. दुसरा उपयोग मात्र मोलाचा आहे, आणि त्यासाठी लोकरी टोपी आणायची गरज नाही. राजारामपुरीच्या कोणत्याही सिग्नलला दुपारी बारा वाजता उभे राहा. स्कूटीवरच्या प्रत्येक मुलीने डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधलेला असतो, अंगात सनकोट असतो. तो उन्हासाठी असतो, धुळीसाठी असतो, आणि कधीकधी कोणी पाहून घरी सांगू नये यासाठीही असतो. तुमचा मुखवटा तोच असू द्या. आणि माझे ऐकाल तर गाणे सुरू होताना तो असावा आणि संपण्याआधी एकेकीने पिना काढून तो सोडावा. २००४ मध्ये इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर, आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या मनोरमा थांगजाम हिच्या हत्येनंतर ज्या बारा मणिपुरी माता उभ्या राहिल्या, त्यांच्याकडे मुखवटा नव्हता, वाद्य नव्हते, अंगावर वस्त्रही नव्हते, आणि देश हादरला तो त्या चेहऱ्यांमुळे. तुमच्यापैकी जिला घरच्या कारणाने चेहरा दाखवणे शक्य नसेल, तिने स्कार्फ तसाच ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही, आणि बाकीच्यांनी तिला त्याबद्दल विचारूही नये.

किमतीबद्दल स्पष्ट बोलते, कारण ध्वनिचित्रफितीत ती दिसत नाही. १७ ऑगस्ट २०१२ रोजी नादेझ्दा तोलोकोन्निकोवा, मारिया अल्योखिना आणि येकातेरिना सामुत्सेविच यांना प्रत्येकी दोन वर्षांची शिक्षा झाली. सामुत्सेविच अपिलात ऑक्टोबरमध्ये सुटली, कारण गाणे सुरू होण्याआधीच तिला रक्षकाने अडवले होते. उरलेल्या दोघींना लहान मुले होती. तोलोकोन्निकोवाला मॉर्दोव्हियातल्या तुरुंगात पोलिसांचे गणवेश शिवावे लागत, आणि तिथल्या कामाच्या तासांविरुद्ध तिने सप्टेंबर २०१३ मध्ये उपोषण केले. त्या वर्षीच्या २३ डिसेंबरला माफी कायद्याखाली दोघी सुटल्या. २०१८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही शिक्षा अवाजवी ठरवली, पण प्रार्थनास्थळातील वर्तनाचे नियम मोडल्यावर काहीच प्रतिक्रिया नको होती, असे ते न्यायालयही म्हणाले नाही.

आपल्याकडचे कायदे निराळे आहेत आणि परिस्थितीनुसार त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून एखाद्या वकील ताईंशी आधी बसून बोला. मी फक्त कुठे पाहायचे ते सांगते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आपल्या जिल्ह्यात वेळोवेळी बंदी आदेश लागतात, आणि त्यात पाच किंवा अधिक माणसांनी जमण्याबरोबर गाणी म्हणणे, वाद्य वाजवणे आणि घोषणा देणे यांवरही बंदी असू शकते. तुम्ही सहा जणी आहात, हे लक्षात घ्या. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर परवानगी लागते, आणि रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र असते. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावण्याबद्दल आहे, तर कलम २९६ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील गाण्यांबद्दल. अपवादात्मक कारण आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी असल्याखेरीज सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, हेही सगळ्यांना पाठ असावे. आम्ही पोलीस ठाण्यात रीतसर अर्ज देतो आणि पोहोच घेतो. पुसी रायटने अर्ज दिला असता का, असे तुम्ही विचाराल. नसता दिला, कारण त्यांचा रोख सत्तेवरच होता. तुमचा रोख भावकीवर आहे, आणि पोलिसांशी वाद झाला तर भावकी सुटते.

याखेरीज किंमत घरातली असते आणि ती सहाही जणींसाठी सारखी नसते. कोणी वसतिगृहात राहते, कोणाचे लग्न ठरते आहे, कोणाच्या घरात स्वतःची आजी किंवा आईच विधवा आहे. एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून प्रत्येकीने आपली किंमत मोठ्याने सांगावी, आणि जिला जमणार नाही तिने चित्रीकरण, अर्ज, वकील, पाणी यांपैकी काम घ्यावे. घरच्यांना ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेली बरी.

चित्रीकरणावर थोडेच. कॅथेड्रलमधले गाणे जगाने पाहिले ते जोडून केलेल्या चित्रफितीत, ज्यात दुसऱ्या एका चर्चमधली दृश्ये होती आणि आवाज नंतर चढवलेला होता. तो त्यांच्या कामाचाच भाग होता. तुमची मात्र पूर्ण, न कापलेली फीत दोन ठिकाणी जपून ठेवा, कारण कोणीतरी तुमची दहा सेकंदे कापून फिरवणारच आहे.

राहिला बिंदू चौक. तिथे महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना, उभे राहिले, आणि त्या जागेचे बळ मी अनेकदा अनुभवले आहे. पण तो चौक तुमचे म्हणणे आधीच मान्य असलेल्यांचा आहे. तिथे शेवटचा प्रयोग करा. पहिला प्रयोग तुमच्यापैकी एखादीच्या स्वतःच्या गावात, संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत, पार दिसेल अशा जागी करा. टिपरू हातात बसायला दोन महिने लागतात, तेव्हा दिवाळी संपताच शिकायला सुरुवात करावी लागेल. हलगी लगेच विकत घेऊ नका. पहिले काही दिवस वादकांची हलगी फक्त शेकायला शिका, तोवर तुमच्या गाण्यातली न गायलेली जागा कुठे येते तेही तुम्हाला सापडेल.